गावाला सारे ठाऊक असते

माझ्या टेबलाच्या खणात एक पाठकोरा कागद गेले तीन महिने पडून आहे. त्याच्या एका बाजूला कुठल्याशा चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका आहे नि दुसऱ्या बाजूला आमच्या संसाराची. मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘फायदे’, उजवीकडे ‘तोटे’ आणि वर मथळा : ‘वाईला बिऱ्हाड हलवावे काय?’ यातला ‘काय’ माझा. मराठीच्या प्राध्यापकाला एवढी हौस असायचीच!

पण खरी मौज पुढेच आहे. ‘फायदे’ या सदरातले पहिले कलम माझ्या अक्षरात आहे : ‘सगळे ओळखतात.’ आणि ‘तोटे’ या सदरातले पहिले कलमही तेच, शब्दाला शब्द : ‘सगळे ओळखतात.’ फक्त अक्षर आमच्या सौभाग्यवतींचे!

हा प्रश्न निघाला तो आईमुळे. वडील जाऊन चार वर्षे झाली. तेव्हापासून आई वाईच्या घरी एकटी असते. पुण्याला चल म्हटले, की म्हणते, “अरे, तुमच्या त्या सातव्या मजल्यावर तुळशीलासुद्धा करमत नाही, तिथे मला कुठले करमायला?” यंदाच्या आषाढात ती अंगणात घसरली आणि तिचे मनगट मोडले. मला कळले ते संध्याकाळी. तोवर शेजारच्या वहिनींनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले होते, प्लॅस्टर झाले होते आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने औषधांचे पैसे भरून, वर “मास्तरांच्या घरून पैसे घ्यायचे नाहीत” असा दमही भरला होता. त्याच्या आदल्याच महिन्यात मी पुण्यात दोन दिवस तापाने फणफणत पडलो होतो. सौभाग्यवती माहेरी, कन्या सहलीला. त्या दोन दिवसांत माझ्या दाराची घंटा एकदाच वाजली. तीही शेजाऱ्यांचे पार्सल चुकून माझ्याकडे आले म्हणून!

आमच्या संस्थेचे एक महाविद्यालय त्या बाजूला आहे. बदली मागितली तर मिळण्यासारखी आहे. सौभाग्यवतींच्या बँकेची शाखाही जवळपास आहे. आणि वाई लांब ती किती? नव्वदएक किलोमीटर. खंबाटकीचा घाट मोकळा मिळाला तर दोन-अडीच तास. मी मोठ्या उत्साहाने कलमे लिहू लागलो. कृष्णेचा घाट. हिवाळ्यात आळीआळीचा निराळा होणारा कृष्णाबाईचा उत्सव. सिग्नलपाशी वाया न जाणारे रोजचे दोन तास. शिवाय तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या गावात बसून मराठी विश्वकोशाचा डोलारा उभा केला, त्या गावाला आडगाव म्हणण्याची छाती कोणाची? उजवीकडेही प्रामाणिकपणे लिहिले : मोठे दुखणे आले तर सातारा किंवा पुणे गाठावे लागेल, नाटक पाहायचे तर मुक्कामाची तयारी, कन्येला नोकरी पुण्यातच मिळायची.

पण मन रेंगाळत होते ते पहिल्या कलमापाशी. मी नववीत सहामाहीला गणितात नापास झालो, तेव्हा ती बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. पुढे महिनाभर आमच्या आळीतला न्हावी माझी मान वाकवून विचारी, “काय मास्तरांचे चिरंजीव, पंधराला तीनाने भागले की किती उरतात?” मला मेल्याहून मेल्यासारखे होई. पण त्याच न्हाव्याला हेही ठाऊक होते, की हे पोर वक्तृत्वात ढाल आणते आणि आजीला हात धरून रोज घाटावर नेते. दहावीत मला गणितात सत्तर गुण मिळाले, तेव्हा रस्त्यात अडवून पेढा मागितला तो त्यानेच. माझे नापास होणे तिथेच संपले. गावाच्या खतावणीत जमेचीही बाजू होती!

हे सारे मी रंगवून सांगितले. सौभाग्यवती शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “तुम्ही मुलगा होतात. आमच्या गावी माझी एक मैत्रीण अकरावीत असताना एस. टी. स्टँडवर वर्गातल्या एका मुलाशी दहा मिनिटे बोलली. तो तिचे पुस्तक परत करायला आला होता, एवढेच. ती घरी पोचण्याआधी बातमी घरी पोचली. तिला कोणी काही विचारले नाही. दिवाळीनंतर कॉलेज बंद झाले आणि वैशाखात लग्न. तुमच्या गावाने तुमच्याकडे पेढा तरी मागितला. आमच्या गावाने तिला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.”

मी गप्प झालो. मग जरा वेळाने, वादात हरणारा माणूस करतो तसा, दुसऱ्या टोकाला गेलो. म्हणालो, “मग शहरच बरे म्हणायचे. इथे निदान कोणी कोणाला ओळखत तरी नाही!”

यावर हसली ती आमची कन्या. आणि ते हसणे काही आनंदाचे नव्हते.

तिची हकीकत अशी. अकरावीत असताना तिने कॉलेजातल्या एका बाईंच्या बोलण्याची नक्कल करून तिची चित्रफीत इंटरनेटवर टाकली. दुसऱ्याच दिवशी तिला त्याची लाज वाटली. तिने ती काढून टाकली आणि बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. बाईंनी तिला चहा पाजला. आज तिचे नि बाईंचे इतके सूत आहे, की पुस्तकांची देवघेव चालते. पण त्या एका दिवसात कोणीतरी फितीची नक्कल उतरवून ठेवली होती. यंदा एका कचेरीत उमेदवारीसाठी तिची निवड जवळजवळ झाली होती, आणि एकाएकी दोन ओळींचा नकार आला. कारण दिलेले नव्हते. ते तिला मागाहून तिथल्याच एका ओळखीच्या मुलीकडून कळले. “बाबा,” ती म्हणाली, “त्यांना फीत मिळाली. बाईंकडचा चहा कोठेच नोंदलेला नव्हता!”

मंडळी, विचार करा. आपण ज्याला शहरातले निनावी जगणे म्हणतो, ते आता उरले आहे कोठे? भाजीवालीला फोनवरून पैसे दिले, की नोंद होते. फोन खिशात असला, तर आपण कोठे हिंडलो याचीही नोंद राहू शकते. हौसेने काढलेल्या छायाचित्राच्या पोटातसुद्धा जागा आणि वेळ लपलेली असू शकते. हेही सारे ओळखणेच. फरक एवढाच, की गावातला न्हावी मला जसा ओळखत होता, तसा मीही त्याला ओळखत होतो. इथे ओळखणारा पडद्याआड बसलेला. आणि त्याच्यापाशी माझा एक तुकडा असतो, अख्खा मी नसतो.

हे दुखणे आमच्याच घरचे नव्हे. स्पेनमधल्या मारिओ कोस्तेखा नावाच्या गृहस्थांच्या मालमत्तेच्या लिलावाची जाहिरात १९९८ साली वर्तमानपत्रात आली होती. कर्ज फिटले, वर्षे लोटली. तरी गूगलवर त्यांचे नाव घातले, की ती जाहिरात हजर! ते झगडले, आणि २०१४ साली युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की असे शिळे दुवे नावाच्या शोधातून काढण्याची मागणी माणसाला करता येते. गंमत अशी, की विसरले जाण्यासाठी धडपडलेला हा माणूस त्याच धडपडीमुळे जगाला ठाऊक झाला! आपल्याकडेही २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, आणि २०२३ च्या कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा नि पुसून मागण्याचा हक्क लिहिला गेला. हक्क मोलाचे खरेच. पण कोणी आपल्या खिशात घालून ठेवलेली नक्कल कोणत्या कायद्याने पुसावी?

कन्येने त्या रात्री ठरवले, की आपली इंटरनेटवरची सगळी खाती बंद करायची. मी काही बोललो नाही. मात्र दोन दिवसांनी तीच माझ्याकडे फोन घेऊन आली. वाईचा रस्ता पाहता पाहता तिला नकाशावर घाटाच्या चित्राखाली माझ्या वडिलांनी लिहिलेला अभिप्राय सापडला होता : ‘घाट प्रशस्त व शांत. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. वयस्कांनी जपून उतरावे.’ पाचांपैकी चार तारे दिले होते. हाडाचे शिक्षक! पैकीच्या पैकी गुण त्यांनी कृष्णामाईलाही दिले नाहीत. आम्ही दोघे ती तीन वाक्ये कितीतरी वेळ वाचत बसलो. खाती बंद करण्याचा विषय मग मागे पडला. आता ती एवढेच करते, की काही लिहिण्यापूर्वी आजोबांच्या त्या अभिप्रायाइतके ते कोणाच्या उपयोगी आहे का, हे पाहते.

त्या कागदावर दोन्ही सदरांत एकच कलम का आले, हे मला तेव्हा उमगले. कोणी आपल्याला ओळखणे हा फायदाही नव्हे नि तोटाही नव्हे. ओळखणारा आपली बाजू ऐकून घ्यायला समोर उभा आहे की नाही, यावर सारे ठरते. न्हाव्याने माझी ऐकली. त्या मैत्रिणीची गावाने ऐकली नाही, माझ्या मुलीची कचेरीने ऐकली नाही. म्हणजे दोष एकट्या गावाचा नाही, आणि एकट्या यंत्राचाही नाही.

अखेर जायचे ठरले. बदलीचा अर्ज मी भाऊबीजेनंतर देणार आहे. कन्या शिक्षण पुरे होईतो मावशीकडे राहील. सौभाग्यवतींनी होकार दिला तो एका अटीवर. त्या म्हणाल्या, “आपल्या दारात कुणा मुलीची बातमी आली, तर ती आपल्या दारातून पुढे जायची नाही. आधी तिला विचारायचे.” वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत नावेच्या टोकासारखी बांधलेली आहे. पूर आला, की पाणी तिच्यावर येऊन दुभंगते नि दोन्ही अंगांनी निघून जाते. पूर थांबवणे त्या भिंतीच्याही हाती नाही. पण पाण्याचा जोर ती मोडते. एका घराला एवढे जमले तरी पुष्कळ झाले.

हा बेत आम्ही अजून कोणालाच सांगितला नव्हता. आईला दिवाळीत समक्ष सांगून चकित करावे, असे ठरले होते. मी फक्त वाईच्या एका रंगाऱ्याला फोन करून भाव विचारला होता. परवा आईचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, “अरे, पुढच्या खोलीला पिवळा रंग नको हो. तुझ्या बायकोला विचार आधी.”

“तुला कोणी सांगितले?” मी ओरडलोच.

“किराणावाल्याने,” आई शांतपणे म्हणाली. “त्याने खडीसाखर धाडलीय.”