दाढेचे दुखणे आणि गोळीचा उतारा

रात्री दाढ ठणकू लागली की परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी माणूस सकाळची वाट पाहतो, ती बहुधा औषधाचे दुकान उघडण्याची. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल आणि वेदनाशामक गोळ्या पुडीत बांधून मिळतात. दंतवैद्याकडे जाणाऱ्याची कथाही पुष्कळदा निराळी नसते. ‘पाच दिवस गोळ्या घ्या, मग पाहू,’ असे सांगून चिठ्ठी दिली जाते. तीवर अ‍ॅमॉक्सिसिलिन, जोडीला मेट्रोनिडाझोल. ठणका थांबतो, रोगी फिरकत नाही आणि काही महिन्यांनी तीच दाढ पुन्हा डोके वर काढते.

ठणका थांबला याचे श्रेय प्रतिजैविकाला मिळते, ते बहुतेक वेळा अनाठायी असते. कीड दाढेच्या आतल्या मगजापर्यंत पोहोचली की तो आधी सुजतो आणि मग मरतो. मगज मेला की वेदना काही काळ आपोआपच शमते. उरलेले काम वेदनाशामकाचे. प्रतिजैविक रक्तावाटे जाते आणि मेलेल्या मगजात तर रक्तच खेळत नाही. परंडेकरांच्या परिचयाचा दाखला द्यायचा, तर भुईकोटाचा दरवाजा बंद असता खंदकाबाहेर फौज उभी करण्यासारखे हे आहे. दाढ उघडून आतील घाण काढणे, पू झाला असल्यास त्याला वाट करून देणे, अथवा दाढ उपटणे हाच खरा उपचार. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने २०१९ साली हेच सांगितले: हा उपचार उपलब्ध असेल, तर एरवी धडधाकट प्रौढास अशा दाढदुखीत प्रतिजैविक देऊ नये.

अपवाद आहेत व ते गंभीर आहेत. ताप भरला, सूज गालावरून गळ्याकडे उतरू लागली, तोंड उघडेना वा घास गिळवेना, तर प्रतिजैविक हवेच, आणि रुग्णालयही तातडीने गाठले पाहिजे. हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्यास दाढ काढण्यापूर्वी औषधाची एक मात्रा दिली जाते. ही झाली औषधाची योग्य जागा.

मग अयोग्य जागी ते का दिले जाते? दंतवैद्य अडाणी आहेत म्हणून नव्हे. दाढ काढल्यावर जखम चिघळली तर दोष आपल्या माथी येईल, ही धास्ती त्यांना असते. गोळी न देणारा डॉक्टर रोग्याला डॉक्टरच वाटत नाही. तो दुसऱ्या दारी जातो. शिवाय रूट कॅनालसाठी दोन-तीन खेपा, त्याचा खर्च, त्यासाठी बार्शी वा सोलापूर गाठायचे तर एस.टी.चे भाडे आणि बुडालेली रजा. या हिशेबात गोळीची पट्टी स्वस्त पडते. रोगी व दंतवैद्य यांच्यातला हा मूक करार आहे आणि आम्हां पांढरपेशांचीही त्यावर सही आहे.

त्याची किंमत मात्र तिसराच भरतो. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच, अपुऱ्या मात्रेने जंतू औषधास निर्ढावतील, असा इशारा दिला होता. आपल्याकडे पिंपरीचा सरकारी पेनिसिलिन कारखाना १९५४ साली स्थापन झाला. ही औषधे गोरगरिबांपर्यंत पोहोचावीत ही तेव्हाची आकांक्षा रास्तच होती. पोहोचली, परंतु कशासाठी वापरायची हा विवेक सोबत पोहोचला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली. बाळंतीण, नवजात अर्भक, शस्त्रक्रिया झालेला रोगी यांच्यासाठी जी औषधे राखावयाची, ती आपण दाढदुखीवर उधळीत आहोत.

कायदा नाही असे नव्हे. १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही दुकानदाराने ठेवावी लागते. अ‍ॅमॉक्सिसिलिन त्या यादीत नाही. तथापि चिठ्ठीवाचून तेही विकता येत नाही. हा नियम कितपत पाळला जातो, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको.

दुकानांवर छापे घालून दाढा बऱ्या होणार नाहीत. तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात दंतवैद्याची खुर्ची, दाढ उघडण्याची यंत्रसामग्री आणि ती चालविणारा माणूस ही तिन्ही एकाच दिवशी हजर असली पाहिजेत. आणि खाजगी दंतवैद्यांनी, शक्य तेथे पहिल्याच भेटीत दाढ उघडून द्यावी. अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम. पुढील खेपा रोग्याच्या सवडीने होतील. चिठ्ठी हाती आली की शिक्षकाने, कारकुनाने, विद्यार्थ्याने एवढेच विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, यातली जंतूंवरची गोळी कोणती, आणि ती मला कशासाठी?’