लाजू नका, पण लाडही करू नका

प्रेमकथा वाचणारे आणि जादूच्या, ड्रॅगनच्या, नकाशावर नसलेल्या राज्यांच्या कादंबऱ्या वाचणारे लोक एका बाबतीत सारखे असतात. हल्ली काय वाचताय असं कोणी विचारलं की जरा ओशाळतात. ‘‘काही विशेष नाही हो, असंच टाइमपास,’’ म्हणतात आणि विषय बदलतात. हातात एखादं जाडजूड चरित्र असेल तर तेच लोक लेखक, प्रकाशक, किंमत सगळं सांगून मोकळे होतात. अशा वाचकांना, आणि त्यांना नावं ठेवणाऱ्या त्यांच्या घरच्यांनाही, माझं सांगणं आहे: आवडीनं वाचता ते उजळ माथ्यानं वाचा. फक्त एक पथ्य पाळा. आवडीचं आहे म्हणून त्याचे लाड करू नका. पुस्तक कुठे जमलंय आणि कुठे फसलंय याचं मत बनवा, आणि ते कारणासकट चारचौघांत सांगा.

आधी ओशाळण्याबद्दल. असल्या कादंबऱ्या म्हणजे काही कालपरवा परदेशातून आलेली थेरं नाहीत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. मराठी कादंबरी तेव्हा नुकती कुठे सुरू होत होती, आणि तेवढ्यातच तिनं अद्भुताची वाट धरली होती. पुढे गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांना अस्सल देशी पेहराव चढवला. १९१३ साली नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला आणि पुढे कित्येक वर्षं वाचला गेला. प्रेमकथा नेटकी कशी बांधायची हे ना. सी. फडक्यांनी स्वतः लिहून दाखवलं, वर कादंबरीच्या तंत्रावर ‘प्रतिभासाधन’ हे पुस्तकही लिहिलं. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘शामा’ची हकिकत तर सांगण्यासारखी आहे. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात ती आली, अश्लीलतेचा खटला उभा राहिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. न्यायमूर्तींनी निदान मजकूर वाचून निकाल दिला. आपल्याकडे बरेच जण मुखपृष्ठावरूनच देतात.

आता मुद्द्याचं. या दोन प्रकारच्या पुस्तकांना कोणते प्रश्न विचारायचे? मी दोनच विचारतो. अद्भुताच्या पुस्तकाला विचारायचं: इथल्या जादूची किंमत कोण मोजतं? आणि प्रेमकथेला विचारायचं: या दोघांच्या मध्ये खरोखर काय आडवं आलंय? या प्रश्नांनी पुस्तकाचा कस बऱ्यापैकी लागतो. अलीकडे वाचलेल्या आणि पुन्हा वाचलेल्या काही पुस्तकांवरच ते लावून दाखवतो.

उर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ सालचं. गेड नावाच्या मुलाला जादू येते, फार लवकर आणि फार चांगली येते, आणि तो माजतो. बरोबरीच्या विद्यार्थ्यावर वरचढ ठरायच्या ईर्ष्येनं तो नको ते करून बसतो. त्यातून जे सुटतं ते आवरताना तो शिकत असतो त्या जादूच्या विद्यापीठाचे वृद्ध मुख्य जादूगार जिवाला मुकतात, आणि गेडच्या तोंडावर कायमचे व्रण राहतात. त्याच्या गुरूंचं सांगणं असतं की एका बेटावर मंत्रानं पाऊस पाडाल तर दुसरीकडे दुष्काळ पडेल. उसाला पाणी कोणाच्या वाट्याचं गेलं यावरून दरवर्षी भांडणाऱ्या आपल्या मुलखाला हे वेगळं समजावून सांगायला नको. छोटं पुस्तक आहे, आणि पहिल्या प्रश्नाला इतकं चोख उतरणारं दुसरं चटकन आठवत नाही. कमतरता म्हणाल तर पहिल्या भागात बायकांना काही कामच नाही. १९७१ च्या दुसऱ्या भागात, ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’मध्ये, लेखिकेनं कथेच्या मध्यभागी एक मुलगीच आणून बसवली.

नेओमी नॉव्हिक यांचं ‘स्पिनिंग सिल्व्हर’ (२०१८) जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात माझे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. गवताचं सोनं करून देणाऱ्या बुटक्याची ग्रिम बंधूंची गोष्ट अनेकांना माहीत असते. नॉव्हिकनं ती एका सावकाराच्या घरात नेली. मिर्यमचे वडील सावकार, पण वसुलीला गेले की पाघळतात. बायकोनं आणलेला हुंड्याचा पैसा सगळा गावात वाटला गेलाय. कर्जदारांच्या चुली धडधडून पेटतात आणि सावकाराच्या घरात खायचे वांधे. थंडीत आई आजारी पडते, तेव्हा मिर्यम वही घेऊन दारोदार जाते. लोक रडतात, गयावया करतात, शिव्या देतात. ती हलत नाही. पैसे येतात, घरात ऊब येते, आईचा जीव वाचतो, आणि त्या ऊब आणणाऱ्या मुलीकडे आईवडील धास्तावून बघायला लागतात. हे ज्यू कुटुंब आहे, आणि गाव त्यांचा आधीपासूनच दुस्वास करतं. सावकार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते या पन्नासेक पानांत चांगलंच हलतं. मग बर्फातल्या स्टारिक लोकांचा राजा ‘मी चांदीचं सोनं करते’ ही मिर्यमची फुशारकी ऐकतो आणि तिच्या दारात चांदीची थैली ठेवून जातो: कर याचं सोनं. ती कसं करते? त्या चांदीची सोनाराकडून अंगठी घडवून घेते, सरदाराला विकते आणि सोन्याची नाणी मोजून घेते. इथवर जादू राजाच्या चांदीत असते. मिर्यमजवळ असतो तो व्यवहार.

पण मला सगळ्यात भावली ती वांडा. दारुड्या बापाचं कर्ज फेडायला ती मिर्यमच्या घरी राबायला येते. तिथे पोटभर जेवण मिळतं, मार चुकतो, म्हणून हे कर्ज लवकर फिटू नये असंच तिला वाटतं. मिर्यम तिला जमाखर्च शिकवते. कागदावरच्या खुणांवरून कोण किती देणं लागतो हे कळतं, ही गोष्ट त्या निरक्षर मुलीला जादूच वाटते. पुढे पुस्तकात खरीखुरी जादू पुष्कळ येते, पण अक्षरओळखीचा हा प्रसंग तिच्यापुढे फिका पडत नाही. आणि राजाला लागणारं ते सोनं कुठे जातं, त्यापायी इकडच्या गावांवर काय ओढवतं, हे हळूहळू उलगडतं तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. ते इथे फोडत नाही.

दोषही सांगतो. गोष्ट अनेक जण ‘मी’ म्हणून सांगतात आणि कोण बोलतंय हे वर लिहिलेलं नसतं, त्यामुळे सुरुवातीला गोंधळायला होतं. उत्तरार्धात सांगणारे आणखी वाढतात, तेव्हा वेग मंदावतो. आणि राजा-मिर्यमची प्रेमकथा शेवटी घाईत उरकली आहे. आदर वाढताना नीट दिसतो, प्रेम मात्र आपणच धरून चालायचं. तरीही घ्या आणि वाचा असंच मी म्हणेन.

दुसऱ्या प्रश्नासाठी जुनं माप काढतो: जेन ऑस्टिन यांची ‘पर्स्युएशन’. लेखिका गेल्यावर, १८१७ च्या अखेरीस, ती प्रसिद्ध झाली. ॲन एलियटनं एकोणिसाव्या वर्षी वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलं, कारण त्याच्याजवळ पैसा नव्हता आणि आईच्या जागी असलेल्या बाईंनी तिचं मन वळवलं. आठेक वर्षांनी तो पैसा आणि मान कमावून परत येतो, अजून दुखावलेलाच. या दोघांच्या मध्ये गैरसमज नाही. तिनं खरोखर नकार दिला होता आणि त्याला खरोखर लागलं होतं. एका प्रसंगात ॲन आजारी भाच्याजवळ गुडघे टेकून बसली आहे आणि दुसरा दोन वर्षांचा भाचा तिच्या पाठीवर चढून गळ्यात हात घालून बसलाय, सांगूनही उतरत नाही. अचानक पाठ हलकी होते. वेंटवर्थनं काही न बोलता पोराला उचलून घेतलेलं असतं. तिला आभारही मानता येत नाहीत. बस, एवढंच. नंतरच्या शेकडो कादंबऱ्यांनी मिठ्यांची पानंच्या पानं खर्चूनही हे साधलेलं नाही.

आता ज्या पुस्तकावरून घराघरांत आईबाप आणि मुलींची जुंपते ते घेऊ: रिबेका यारोस यांचं ‘फोर्थ विंग’ (२०२३). प्रेम आणि ड्रॅगन यांची सांगड घालणाऱ्या ज्या कादंबऱ्यांना ‘रोमँटसी’ म्हणतात, त्यांतलं हे बडं नाव. वायलेटला ग्रंथपाल-लेखनिकांच्या शाखेत जायचं असतं. सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या शाखेत ढकलते. वायलेटचे सांधे निखळतात, हाडं पटकन मोडतात. ती सांधे बांधून, डोकं चालवून, प्रसंगी प्रतिस्पर्ध्याला हळूच विष चारून टिकून राहते. हा भाग झकास आहे. दुखऱ्या शरीराची नायिका, आणि तिचं दुखणं पुढच्या प्रकरणात गायब होत नाही. झेडन हा नायक बंडखोराचा मुलगा, आणि त्याच्या बापाच्या मृत्युदंडात तिच्या आईचा हात. म्हणजे आडवं आलेलं कारणही दणकट.

पण पुस्तकातलं जग ठोकून पाहिलं की पोकळ वाजतं. चारशेहून अधिक वर्षं युद्ध चाललेला देश आपलेच तरणेबांड शिकाऊ सैनिक प्रशिक्षणात मरू देतो, एकमेकांना मारू देतो. कुठल्या सेनापतीला हे परवडेल? शेवटाकडे प्रेमकथेचा भारही ‘तू मला हे आधी का सांगितलं नाहीस’ यावर येतो, आणि दणकट कारण बाजूला पडतं. एका बैठकीत वाचावं असं पुस्तक, पण दुसऱ्यांदा हातात घ्यावंसं वाटत नाही.

‘‘प्रेमकथेचा शेवट गोड होणार हे ठाऊकच असतं, मग वाचायचं कशाला?’’ हा आक्षेप हमखास येतो. सीतास्वयंवराचं आख्यान लागलं की धनुष्य कोण मोडणार हे देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून कीर्तनातून कोणी उठून जात नाही. शेवट ठरलेला असतो तेव्हा लेखकाची सगळी परीक्षा वाटेवर होते. आपणही ती तिथेच घ्यावी.

आता काही रोकडा सल्ला.

पालकांनो, ड्रॅगनचं चित्र दिसलं म्हणून पुस्तक मुलांचं समजू नका. ‘फोर्थ विंग’मध्ये शय्याप्रसंग उघडपणे येतात, ते प्रौढांचं पुस्तक आहे. सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ मालिका तर आधी किशोरांसाठी म्हणून विकली गेली आणि नंतर प्रौढांच्या कपाटात हलवली गेली. घेण्याआधी स्वतः चाळा. मुलीनं आधीच वाचलं असेल तर हिसकावून घेण्यापेक्षा तुम्हीही वाचा आणि तिला विचारा: नायक नायिकेवर दादागिरी करतो ते तुला प्रेम वाटतं का? हा संवाद पुस्तक जप्त करून होत नाही.

पुस्तक रुचत नसेल तर सोडून द्या. पानं मोजून व्रत पुरं करायची गरज नाही. मात्र का सोडलं ते स्वतःशी पक्कं करा. ‘मला आवडलं नाही’ आणि ‘लेखकाला जमलं नाही’ ही दोन मतं वेगळी आहेत. मला दुःखान्त प्रेमकथा सोसत नाहीत. यात लेखकाचा काय दोष?

मत सांगताना तीन वाक्यं पुरतात: काय जमलं, काय फसलं, कोणी वाचावं. रहस्य फोडू नका. ‘भारी आहे’ किंवा ‘भिकार आहे’ याच्यापुढे एक प्रसंग जोडा, म्हणजे ऐकणाऱ्याला स्वतः ठरवता येईल. आणि आपल्या आवडत्या लेखिकेला कोणी नावं ठेवली तर अंगावर जाऊ नका. त्याला त्याचा प्रसंग विचारा.

पदपथावर स्वस्तात मिळणाऱ्या नकली प्रती आणि ग्रूपवर फिरणाऱ्या पीडीएफ यांच्यापासून लांब राहा. नकली प्रतीत कधी पानंच गळालेली असतात, हा वाचकाचा तोटा. पण मराठी पुस्तकाची पीडीएफ फिरली की लेखकाला त्या प्रतीचा एक रुपयाही मिळत नाही, आणि आधीच लहान असलेली आवृत्ती गोदामात पडून राहते.

मराठीत आज कसदार अद्भुत आणि सकस प्रेमकथा कमी येतात अशी तक्रार मी सतत ऐकतो. पण ‘टाइमपास’ एवढंच आपण म्हणत राहिलो तर प्रकाशकही तेवढंच पुरेसं समजेल, आणि मेहनत घेणारा लेखक दुसरीकडे वळेल. तेव्हा जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जा आणि सूचनावही मागा. वर्गणी भरणाऱ्यांपैकी फार थोडे ती कधी उघडतात. त्यात हव्या त्या पुस्तकाचं नाव लिहा, ते का हवं याचं एक वाक्य लिहा, आणि खाली स्वतःची सही करा.