फोटो काढला, पण पाहिलं का?

एखादी जुनी, सुंदर वस्तू दिसली की आपण काय करतो? मोबाइल काढतो, क्लिक करतो, स्टोरीला टाकतो. पाच सेकंदांत विषय संपला! पण तीच वस्तू हुबेहूब रंगवायला सांगितली तर?

अमेरिकेत १९३५ ते १९४२ या काळात शेकडो चित्रकारांनी हेच केलं. महामंदीत हाताला काम नव्हतं. सरकारनं पगार देऊन त्यांना रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूंची चित्रं काढायला बसवलं. या उपक्रमाचं नाव ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. तेव्हाची कलर फोटोग्राफी भरवशाची नव्हती, म्हणून वॉटरकलर. अशी सुमारे १८ हजार चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत.

त्यात शेकर लोकांचे कपडे, खुर्च्या, डबे आहेत. शेकर हा ख्रिस्ती पंथ १७७४ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आला. लग्न नाही, खासगी मालमत्ता नाही, उगाच नक्षी नाही. सगळा जीव कामात. आज या पंथाची माणसं बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत.

त्यांचा लंबगोल लाकडी डबा बघा. पातळ पट्टी वळवून टोकाशी बोटांसारख्या जिभा कापलेल्या, तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या. वाटतं, डिझाइन आहे! पण लाकूड हवेनुसार फुगतं, आकसतं. या जिभांमुळे त्याला तडा जात नाही. डबा रंगवणाऱ्याला प्रत्येक जीभ, प्रत्येक खिळा नीट बघावाच लागतो. कॅमेऱ्याला हे सगळं एका क्षणात मिळतं, पण आपल्या डोक्यात त्यातलं काहीच उतरत नाही.

फोटो काढू नका, असं मी म्हणत नाही. पण फोटो म्हणजे पाहणं नव्हे. आणि बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या वस्तू वापरणारी माणसं गेली, की ‘हे असं का केलंय?’ याचं उत्तर द्यायला कुणी उरत नाही.

म्हणून या रविवारी एवढंच करा. घरातली हातानं केलेली एक वस्तू घ्या. आजीची गोधडी चालेल. तासभर बसून तिचं चित्र काढा. वाकडंतिकडं आलं तरी बिघडत नाही. एखादा टाका कळला नाही, तर आजीला विचारा. ती सांगायला आहे, तोवरच.