सापळ्यानंतरचा पंचनामा

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा रचावा, भुकटी लावलेल्या नोटा पंचांच्या समक्ष हाती पडाव्यात, द्रावणात बोटे बुडवताच पाणी गुलाबी व्हावे आणि दुसऱ्या दिवशी ते वृत्त आपण चहाच्या पेल्यासोबत वाचावे, हा क्रम छत्रपती संभाजीनगर शहराच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यानंतर कचेरीत काय बदलते हे विचारण्याचे कुतूहलही आपल्यात उरलेले नाही. बदलतो तो बहुधा खुर्चीवरचा माणूस. ज्या नियमाच्या आडोशाने लाच मागितली गेली तो नियम, ती टिपणी आणि ती दिरंगाई पूर्ववत् नांदत राहतात.

मे २०२५ मध्ये येथील निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांना, वर्ग दोनची जमीन वर्ग एक करण्याच्या कामी लाच मागितल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. मला त्या व्यक्तीपेक्षा त्या कामाविषयी अधिक विचारावेसे वाटते. वर्ग दोनची जमीन म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून जिचे हस्तांतरण होत नाही आणि जिच्यावरील बंधने उठविण्यासाठी सरकारात नजराणा भरावा लागतो अशी जमीन. निजामी अमदानीतील इनामे आणि मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या जमिनी) यांचा वारसा लाभल्यामुळे मराठवाड्यात तिचा पसारा मोठा आहे. नजराण्याचे प्रमाण शासनाने ठरविलेले आणि जमिनीच्या मूल्याचे दर तक्त्यात छापलेले असताना, ज्या प्रकरणात हक्काचा वाद नाही तेथे उरते ते निव्वळ त्रैराशिक. मग त्या त्रैराशिकाच्या वाटेवर अभिप्राय, त्रुटी, पूर्तता आणि पुनश्च अभिप्राय अशी इतकी नाकी कशासाठी? अर्जदार जेथे जेथे अडतो तेथे तेथे त्याच्या निकडीचा भाव ठरतो, आणि तो भाव ठरविण्याची संधी कोणाला ना कोणाला आपणच बहाल केलेली असते.

अशी संधीची जागाच काढून टाकणे या भूमीला नवे नाही. ज्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवून या शहराचा पाया घातला, त्याचे नाव त्याने बांधलेल्या पाण्याच्या नहरींइतकेच महसुलाच्या बंदोबस्तासाठीही घेतले जाते. इजारदारांच्या, म्हणजे वसुलीचा मक्ता घेणाऱ्यांच्या, हातातील वसुली काढून सारा पिकाच्या प्रत्यक्ष उत्पन्नाशी बांधण्याचा त्याचा खटाटोप होता. पुढे निजामी राज्यात मक्त्याची पद्धत पुन्हा माजली तेव्हा १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाने मक्तेदार हळूहळू दूर सारले आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने, म्हणजे जिल्हावार प्रशासनाच्या रचनेने, वसुलीची जबाबदारी पगारी तालुकदारांकडे दिली. लोभी मक्तेदाराला तंबी देऊन प्रामाणिक करण्याच्या भरीस तो फारसा पडला नाही, मक्त्याची जागाच त्याने व्यवस्थेतून वजा केली. पगाराने गरज भागते, लोभ भागत नाही, हे त्यानंतरच्या दीडशे वर्षांत दिसून आले. पण जागा वजा करण्याचे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

कायद्यांचा तुटवडा आहे अशी सबब महाराष्ट्राला सांगता येणार नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ पासून आहे, लोकायुक्तांचा कायदा १९७१ मध्ये झाला, दप्तरदिरंगाईला आळा घालणाऱ्या २००५ च्या कायद्यात सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपलीकडे नस्ती कोणाकडेही अडता कामा नये असे लिहिलेले आहे, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात दिरंगाईबद्दल ५०० ते ५,००० रुपयांचा दंडही सांगितला आहे. जेथे अडवणुकीची किंमत लाखांत मोजली जाते तेथे या दंडाचा धाक कोणाला वाटावा? खटल्याला मंजुरी देण्यासाठीही २०१८ च्या दुरुस्तीने तीन महिन्यांची, आणि अपवाद म्हणून आणखी एका महिन्याची, मुदत घातली. परंतु ती मुदत उलटली तर मंजुरी अडविणाऱ्याला जाब कोण विचारणार, हा प्रश्न तसाच राहिला.

हाँगकाँगने १९७४ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापला, तेव्हा तपास करणाऱ्या शाखेबरोबर सरकारी कचेऱ्यांच्या कार्यपद्धती तपासून त्यांतील फटी बुजविणारी एक स्वतंत्र शाखाही निर्माण केली. आपल्याकडे उणीव आहे ती या दुसऱ्या शाखेची. प्रत्येक सापळ्यानंतर आरोपीचा पंचनामा होतो तसाच त्या कामाचाही व्हावा: कोणत्या टप्प्यावर पैसे मागता आले, तो टप्पा आवश्यक होता काय, आणि नसेल तर तो कोणत्या तारखेपासून रद्द झाला. दुष्काळी मदतीसारख्या कामांत अधिकाऱ्याच्या विवेकाला वाव ठेवावाच लागतो, हे मान्य. पण तेथे निर्णयाची कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन तरी असावे.

शिवाय सापळा सर्वत्र लागतही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये येथील विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटींहून अधिक रक्कम गेल्याचे उघडकीस आले आणि दरमहा सुमारे तेरा हजार रुपयांवर नेमलेल्या एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर गुन्हा नोंदला गेला. बँकेकडे नोंदविलेला ई-मेल बदलून रक्कम वळविल्याचा तो आरोप आहे. त्यात लाच मागणारा नव्हता आणि देणाराही नव्हता. कीर्द आणि बँकेचा उतारा कोणी समोरासमोर ठेवून ताडला असता तर पहिल्या महिन्यातच तफावत दिसली असती, आणि हे काम कोणत्याही जुन्या पेढीवरचा मुनीम न सांगता करीत असे.

कामाच्या या पंचनाम्याला प्रारंभ करण्यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. विभागीय आयुक्तांच्या एका परिपत्रकाने मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत तो सुरू होऊ शकतो, आणि वर्ग दोनच्या जमिनींचे प्रलंबित अर्ज हा त्याचा पहिला विषय असावा. अर्ज कधी आला, सध्या कोणाकडे आहे, तेथे किती दिवस पडून आहे आणि नजराणा किती निघतो, एवढ्या चार रकान्यांची यादी दर सोमवारी प्रत्येक तहसील कचेरीच्या फलकावर लागली, तर आपला अर्ज कोठे अडला हे जाणण्यासाठी शेतकऱ्याला दलालाचा उंबरठा झिजवावा लागणार नाही.