विश्लेषण : ड्रोनला जे दिसते, ते सातपाटीलाही दिसायला हवे

बेकायदा मासेमारी टिपण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या किनाऱ्यावर नऊ ठिकाणांहून ड्रोनची गस्त सुरू झाली. पालघर जिल्ह्यासाठी निवडलेले ठिकाण सातपाटीशेजारचे शिरगाव. सरकारी कारभारात कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय, शिरत असताना या माहितीवर मच्छीमारांचाही हक्क आहे का, हा कळीचा प्रश्न आहे.

पापलेटचा नियम काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. अंडी घालण्याआधीच मासा जाळ्यात आला, तर पुढच्या हंगामाचे पीक आजच संपते. मात्र ड्रोनला नौका दिसते, खणातला मासा नाही.

मग तो कुठे दिसतो?

वजनकाट्यावर. सातपाटीत मच्छीमार सहकारी संस्थांकडे पापलेटची वजनानुसार प्रतवारी होते. लहान प्रतीचा मासा वाढू लागला की धोक्याचा इशारा तिथे आधी मिळतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्रीय संस्था उपग्रहांद्वारे समुद्राचे तापमान व हरितद्रव्य पाहून मासळीच्या संभाव्य जागा सांगते. काट्यावरच्या नोंदी त्याला जोडल्या, तर एआयला साठ्याचा अंदाज बांधता येईल. नोंदी कच्च्या, तर अंदाजही कच्चा.

कायदा काय सांगतो?

माहिती अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ नुसार सरकारी कार्यालयांनी कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती जाहीर करायची असते. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. जूनमध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर झाले. त्यात शेतीविषयक माहितीच्या देवाणघेवाणीची तरतूद आहे. दर्जा शेतीचा असेल, तर ही सोयही कोळीवाड्यापर्यंत यायला हवी.

काय करावे?

बंदरनिहाय किती नौकांवर कारवाई झाली, त्या पर्ससीन, एलईडी की लहान जाळ्यांच्या, दंड किती ठोठावला आणि किती वसूल झाला, हे दरमहा मराठीत, मोबाइलवर वाचता येईल असे प्रसिद्ध करावे. मोठे सुटतात आणि लहान अडकतात, हा संशय भाषणांनी फिटत नाही, आकड्यांनी फिटतो. यंत्राने दोषी ठरवलेल्या नौकेच्या मालकाला चित्रण पाहून बाजू मांडता यावी. अंतिम निर्णय अधिकाऱ्यानेच सही करून द्यावा.

सगळेच मात्र उघडे करू नये. नौकामालकाचे नाव आणि जाळी टाकण्याची नेमकी जागा गोपनीय राहावी. मासा कुठे लागतो, हे कोळ्याचे पिढीजात भांडवल आहे. ते मोठ्या नौकांच्या हाती फुकट पडता कामा नये.

नियम मोडणाऱ्याला पकडणे आवश्यकच आहे. पण नियम पाळणाऱ्याला त्याचा उपयोग दिसला, तरच राज्यमासा टिकेल.