पंपाचें बिल : ठोक दर कीं मीटर ?

विहिरीवरील पंपाचें बिल अश्वशक्तीच्या ठोक दरानेंच चालूं द्यावें कीं मीटर बसवून घ्यावा, हा प्रश्न जुन्या जोडण्या असलेल्या बागाईतदारांपुढें आज आहे. पुष्कळांस तो प्रश्नच वाटत नाहीं. ‘एचपीवर बिल येतें, वर्षाचा आंकडा ठरलेला आहे, मग नसती ब्याद दारांत कशाला आणावी ?’ असें उत्तर ठिकठिकाणीं ऐकूं येतें. हें उत्तर अगदींच खुळें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हिशेब न करितां दिलेलें म्हणून तें अपुरें आहे. घरच्या दिव्याचें बिल थोडें वाढलें तर आपण घरांतल्यांस बोल लावतों. आणि ज्या मोटारीवर सबंध वर्षाचें पीक अवलंबून, तिनें किती वीज घेतली हें मात्र आपणांस सांगतां येत नाहीं.

सध्यां या प्रश्नाची धार कांहींशी बोथट झाली आहे हें खरें. महाराष्ट्र सरकारनें एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांच्या बिलाचा भार स्वतःवर घेतला आहे. त्यामुळें लहान पंपवाल्यास दोन्ही पद्धतींत चालू बिलापोटीं पदरचें कांहीं द्यावें लागत नाहीं. पण ही सवलत मुदतीची आहे. तीन वर्षांनंतर तिचा आढावा घ्यावयाचा हेंही योजनेंतच नमूद आहे. मोठ्या पंपवाल्यास तर ती लागूच नाहीं. तेव्हां सवलतीचीं हीं वर्षें स्वस्थ बसण्याचीं नव्हेत. आपला वापर किती, तो मोजून ठेवण्याचीं आहेत. मुदत सरेल त्या दिवशीं ज्याच्याजवळ स्वतःचे आंकडे नसतील, त्यास दुसऱ्यानें मांडलेले आंकडे मान्य करावे लागतील.

ठोक दर कां आला, हें प्रथम लक्षांत घ्यावें. १९७० ते १९९० या काळांत अनेक राज्यांतील वीज मंडळांनीं मीटर सोडून अश्वशक्तीवर आकारणी सुरू केली. विहिरी रानोमाळ विखुरलेल्या. प्रत्येकीवर माणूस पाठवून मीटर वाचण्याचा खर्च मंडळास जड जाई. शेतकऱ्यासही तें सोयीचें पडलें. मीटर वाचणाऱ्याची मनधरणी संपली, आणि वर्षारंभींच बिलाचा आंकडा कळूं लागला. ज्याचें उत्पन्न पावसावर व बाजारभावावर झुलतें, त्यास खर्चाची एक तरी बाब निश्चित असणें हा मोठाच दिलासा होय. ठोक दराचा हा गुण नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु २००३ च्या वीज कायद्याच्या ५५ व्या कलमानें मीटरशिवाय वीज देऊं नये असें ठरविलें. तेव्हांपासून वारा मीटरच्या दिशेनें वाहत आहे. म्हणून एकदां मीटर घेतल्यावर ठोक दराकडे परत येतां येईल, अशा भरंवशावर कोणीं राहूं नये. निर्णय करावयाचा तो विचार करूनच केला पाहिजे.

आतां हिशेबाकडे वळूं. दर आयोगाच्या आदेशानुसार बदलत असतात. म्हणून रीत कळावी एवढ्यासाठीं सोयीचे आंकडे घेतों. वाचकांनीं त्या जागीं आपल्या बिलावरचे आंकडे घालावे. समजा, ठोक दर दर अश्वशक्तीस महिना ४०० रुपये आहे. पांच अश्वशक्तीच्या पंपास वर्षाचे २४,००० रुपये झाले. मीटरवर समजा युनिटास ४ रुपये, व स्थिर आकार दर अश्वशक्तीस महिना ५० रुपये, म्हणजे वर्षाचे ३,००० रुपये. एक अश्वशक्ति म्हणजे ०.७४६ किलोवॅट, परंतु मोटारींतील घट धरतां, आणि दोनतीन वेळां रिवाइंडिंग झालेली मोटार असल्यास, दर अश्वशक्तीस तासाला एक युनिट धरणें बरें. या हिशेबानें वर्षाला ६०० तास चालणाऱ्या पंपाचें मीटरवरील बिल १५,००० रुपये होतें, तर १,८०० तास चालणाऱ्याचें ३९,००० रुपये. दोन्ही पद्धती सारख्या पडतात त्या १,०५० तासांस, म्हणजे पूर्ण आठ तासांच्या सुमारें १३१ दिवसांस. याच्या अलीकडे मीटर स्वस्त, पलीकडे ठोक दर स्वस्त.

मग कोणता शेतकरी कोठें बसतो ? ज्याची विहीर माघ-फाल्गुनांत तळ दाखविते, ज्याची मोटार ज्वारी-हरभऱ्याच्या चार पाण्यांपुरतीच चालते, तो बहुधा अलीकडच्या बाजूस असतो. नदीकांठचा वा कालव्याखालचा ऊंसवाला, ज्याचा पंप वीज असेल तोंवर थांबतच नाहीं, तो पलीकडे. आयोगाच्या आदेशांत ठोक दरासाठीं परिमंडळांची विभागणी दर अश्वशक्तीस वर्षाला १,३१८ तासांहून अधिक वापर कीं कमी, या कसोटीवर केलेली आढळते. परंतु एक परिमंडळ म्हणजे लहानसहान मुलूख नव्हे. त्यांत बारमाही पाणी असलेलीं गांवें येतात तशीं टँकरवर दिवस काढणारींही येतात. सरासरी एक, दर एक. दुष्काळी तालुक्यांतला विहीरवाला ऊंसवाल्याच्या पंगतीस बसून सारखीच वर्गणी भरतो, पण त्याच्या पानावर निम्मेंही पडत नाहीं. ठोक दराचा लाभ सर्व शेतकऱ्यांस सारखा होतो ही समजूत चुकीची आहे. ज्यास पाणी कमी त्याच्याकडून घेऊन ज्यास पाणी अधिक त्यास देण्याची ती एक रीत आहे.

येथवर पैशाची गोष्ट झाली. पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. ठोक दरांत पुढच्या तासाची वीज फुकट असते, आणि फुकट वस्तूचा माणूस हिशेब ठेवीत नाहीं. गांवोगांव मोटारींना ऑटो स्विच बसले आहेत. रात्रीं वीज आली कीं पंप आपोआप सुरू होतो, मालक निजलेला असतो, आणि पाणी दंडांतून फुटून बांधापलीकडे जातें. एकाच वेळीं साऱ्या मोटारी सुरू झाल्यानें दाब उतरतो व रोहित्र जळतें तें निराळेंच. सर्व दोष आम्ही ऑटो स्विचच्या माथीं मारीत नाहीं. वीज अवेळीं मिळते म्हणून शेतकरी तो बसवितो. परंतु तासागणिक पैसे पडूं लागले म्हणजे तोच शेतकरी उठून बटण बंद करील, यांत संशय नाहीं. विहिरीचें पाणी एकट्याचें नसतें ; आपण रात्रभर उपसलेलें पाणी शेजाऱ्याच्या झऱ्यांतून आलेलें असतें.

पश्चिम बंगालचा अनुभव येथें सांगण्याजोगा आहे. त्या राज्यानें २००७ पासून शेतीपंपांना मीटर बसविण्यास आरंभ केला, आणि दिवसाच्या वेळेप्रमाणें वेगळाले दर ठेविले. रात्रीं स्वस्त, सायंकाळीं महाग. बहुतेक पंपधारकांचें बिल त्यानें कमीच झालें. मात्र ज्यांना स्वतःचा पंप नाहीं व जे शेजाऱ्याकडून पाणी विकत घेत, त्यांना तें पाणी महाग पडूं लागलें. कारण ठोक दराचे पैसे वसूल करण्यासाठीं पाणी विकण्याची जी निकड पंपवाल्यास होती, ती उरली नाहीं. आपल्याकडेही भावाभावांत व शेजाऱ्यांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या असतात. मीटर घेण्यापूर्वीं त्या पाळ्यांचे तास व प्रत्येकाचा वांटा कागदावर लिहून ठेवावा. नाहीं तर विजेचें बिल वांचेल आणि भाऊबंदकी वाढेल.

आतां मीटरविरुद्धचे आक्षेप. मीटर बंद पडतो व महिनोन् महिने बदलला जात नाहीं, वाचन न घेतांच अंदाजानें युनिट लिहिलीं जातात, दुरुस्तीसाठीं हेलपाटे पडतात, या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना वाचनें हातानें लिहून ठेवण्यावांचून दुसरें औषध नाहीं. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशीं मीटरचा आंकडा वहींत टिपावा, मोबाईलवर त्याचें छायाचित्र घ्यावें, आणि बिलाशीं ताडून पाहावें. फरक पडला तर तक्रार लेखीच करावी व पोंच घ्यावी. हें ज्याच्यानें होणार नाहीं त्यानें मीटरच्या भानगडींत पडूं नये, असें स्पष्ट सांगणें भाग आहे. बंद मीटर व रिकामी वही यांपेक्षां ठोक दर पत्करला.

परंतु वही ठेवणाऱ्यास मीटर हा साक्षीदार आहे. विनामीटर पंपांनीं किती वीज घेतली हें कोणासच ठाऊक नसतें. ती अश्वशक्तीवरून अंदाजानें धरली जाते. त्या अंदाजांत तारांतील गळती आणि परभारें होणारी चोरी मिसळली, तर ती कोणाच्या नांवावर लिहिली जाते ? शेतकऱ्याच्या. मग शेतीस किती वीज व किती अनुदान लागतें याचे मोठमोठे आंकडे छापून येतात, आणि शहरांतला वाचक म्हणतो कीं हे लोक फुकट खातात. आपण जें घेतलें नाहीं त्याचा बोल आपण कां सोसावा ? खोटें सिद्ध करावयाचें तर हातीं माप पाहिजे. अर्थात् हें माप दुसऱ्या बाजूनेंही बोलेल. मोटारीवरची पाटी तीन अश्वशक्तीची आणि आंत मोटार पांचाची, अशी चाल जेथें आहे तेथें तेंही उघडें पडेल. पडलेलें बरें.

तेव्हां आमचें मत असें : मीटर घेण्याआधीं एक पूर्ण वर्ष पंपाचे तास टिपावे. ते बरोबरीच्या आंकड्याहून कमी भरले, तर मीटर अवश्य घ्यावा. जास्त भरले, तर आधीं विचार करावा कीं इतके तास पिकास लागले कीं सवयीस ; गळका पाईप, जुनी मोटार व पाटपाणी सुधारून ते किती उतरतात तें पाहावें, आणि मग ठरवावें. ज्यांचें बिल आज सरकार भरतें, त्यांना हा प्रयोग करण्यास पदरचें कांहींच वेंचावें लागत नाहीं. यंदाच्या रब्बीच्या पहिल्या पाण्यापासून पंपाच्या खोपींत एक वही व पेन्सिल दोरीनें टांगून ठेवावी, एवढाच आमचा आग्रह आहे.