हयातीतला विसावा

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांचा मेळावा महाराष्ट्रात कोठेही भरो, "आमच्या पश्चात याचं काय?" हा प्रश्न तेथे विचारला गेल्यावाचून राहत नाही. प्रश्न खराच आहे, आणि त्याच्या पोटीच बदलापूरच्या 'आधार'सारख्या निवासी संस्था पालकांनी स्वतः उभ्या केल्या. परंतु या पश्चातच्या चिंतेने तितकाच निकडीचा दुसरा एक प्रश्न झाकून टाकला आहे. हे आईबाप हयात आहेत, पण थकलेले आहेत, आजारी आहेत, कोणाच्या तरी मृत्यूची वार्ता आल्याने गावी निघाले आहेत. अशा वेळी चार दिवस ते मूल विश्वासाने कोणाच्या हवाली करावे, याची तजवीज आपण काय केली आहे?

ज्या घरात बारा वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे त्या घराची दिनचर्या बाहेरच्याला सहसा ठाऊक नसते. दाराला हात पोचणार नाही अशा उंचीवर बसवलेली कडी, मिक्सर सुरू होताच कानांवर हात दाबून फोडलेली किंकाळी, मध्यरात्री अकस्मात सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या येरझारा, आणि या सर्वांत झोपेतही कान जागा ठेवणारी आई, हे तेथले नित्याचे जीवन होय. एकत्र कुटुंबात आजी, आत्या, चुलती यांच्यात हा भार वाटला जाई (त्या काळीही तो बायकांच्याच माथी असे, हे विसरता कामा नये). दोन खोल्यांच्या सदनिकेत तो एकाच स्त्रीवर येऊन पडला. नात्यातल्या लग्नाला नवराबायकोपैकी एकानेच जावे, आईने आपली शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलावी, हा अशा घरांचा शिरस्ताच होऊन बसतो. मे महिन्यात विशेष शाळेला सुट्टी लागते तेव्हा इतर मुले मामाच्या गावी जातात; या घरात मात्र दिवसातून चार-पाच तास मिळणारी उसंतही संपते.

आईबापांना असा विसावा मिळण्याचा संबंध मुलाच्या मनःस्वास्थ्याशी काय, असे कोणी विचारील. अत्यंत निकटचा आहे. जे मूल शब्दांपेक्षा स्वरावर आणि स्पर्शावर जगते, त्याला आईच्या आवाजातील त्रागा शब्दांआधी कळतो, आणि त्याची अस्वस्थता वाढली की आईचा थकवा वाढतो. शिवाय आईखेरीज कोणाच्याही हातचे न जेवणारे मूल अकस्मात तिला मुकले, तर त्या आघाताला सीमा राहत नाही. उलट आठवड्यातून एखादी रात्र परिचित माणसांच्या सहवासात काढण्याची सवय ज्याला लहानपणीच लागली, त्याला पुढचा तो अटळ वियोग निदान सर्वस्वी अपरिचित राहत नाही.

आणि त्याच घरात बहुधा आणखी एक मूल असते, ज्याच्याविषयी कोणी बोलत नाही. "किती समजूतदार आहे!" असे जिचे कौतुक होते ती नऊ वर्षांची बहीण आपला वाढदिवस घरी नको म्हणते, मैत्रिणींना बोलावीत नाही, ताप आला तरी सांगत नाही, कारण आईला आणखी त्रास नको हे तिने फार लवकर ओळखलेले असते. मोठेपणी भावाला आपणच सांभाळायचे आहे, हेही तिला कोणी न सांगता कळलेले असते. या मुलीच्या मनात साचणाऱ्या एकाकीपणाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. भाऊ दोन दिवस सुरक्षित ठिकाणी राहिला आणि त्या दोन दिवसांत आईने तिची वेणी घालीत तिचे बोलणे पुरते ऐकले, तर तेही बालमानसोपचाराचेच कार्य झाले, असे मी मानतो.

कायद्याच्या पुस्तकात या गोष्टींना जागा नाही असे नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'समर्थ' या नावाने अल्पकालीन निवासाची योजना निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, परंतु तो शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेने बांधलेला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अल्पवयीन रुग्णासोबत त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्या प्रतिनिधीने नेमलेल्या व्यक्तीने रुग्णालयात सर्वकाळ राहिलेच पाहिजे असे ठरविले. हे उचितच आहे; मात्र तेथे बहुधा आईच राहते, आणि घरी उरलेल्या मुलांचे काय, याचा विचार कोणी केलेला नाही. इंग्लंडमध्ये २०११ पासून दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी अशा विश्रामाची सोय करणे हे स्थानिक शासनाचे कर्तव्य ठरले आहे. आपल्याकडे तो अजून एखाद्या संस्थेच्या मेहेरबानीचा विषय आहे.

मूल असे दुसऱ्याच्या हवाली करण्यास पालक कचरतात, आणि त्यांचे कचरणे रास्त आहे. कळंबोलीच्या बालगृहातील मतिमंद मुलींवरील अत्याचार २०११ साली उजेडात आले, ते या पालकांच्या स्मरणातून गेलेले नाहीत. जे मूल घडलेले सांगू शकत नाही ते अनोळखी छपराखाली ठेवण्यास कोण धजेल? म्हणून हे काम दूरच्या मोठ्या आश्रमांवर सोपवू नये. मूल ज्या विशेष शाळेत रोज जाते, तिच्याच आवारात पाच-सहा खाटांची जागा असावी, त्याला ओळखणाऱ्या मावशी आणि शिक्षिका वाढीव वेतनावर तेथे असाव्यात, आईबापांनी न कळविता केव्हाही येऊन पाहावे, आणि पहिले काही मुक्काम केवळ दुपारपुरते असावेत. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या इमारतींपासूनच आरंभ करता येईल.

पैशाची सबब येथे टिकणारी नाही. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा असा शासनाचा आदेश आहे, आणि तो वेळेवर व पुरता खर्च होत नाही ही दिव्यांग संघटनांची जुनी तक्रार आहे. २०२२ साली दिव्यांग कल्याणासाठी राज्याने स्वतंत्र खातेही निर्माण केले. त्या खात्याने प्रत्येक महानगरपालिकेला व जिल्हा परिषदेला या निधीतून निदान एक विसावागृह चालविण्याचा हुकूम काढावा, आणि पुढील उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी ते उघडले की नाही याचा जाहीर हिशेब मागावा.